लीज संपलेल्या मोटारीचे सर्व्हिस वेळापत्रक : औसा येथील एक प्रकरण

औशात कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्या आणि लातूरला राहणाऱ्या एका दुकानदाराने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुण्यातून एक जुनी होंडा सिटी विकत घेतली. गाडी चौथ्या पिढीची, दीड लिटर पेट्रोल इंजिनाची, मॅन्युअल गिअरची असून मार्च २०१९ मध्ये एमएच १४ मालिकेत नोंदलेली होती. पहिली पाच वर्षे तिची मालकी गाड्या मुदतीच्या भाड्याने देणाऱ्या एका लीज कंपनीकडे होती आणि एका खासगी कंपनीतील अधिकारी ती वापरत होते. मार्च २०२४ मध्ये लीज संपली, वापरणाऱ्याने गाडी स्वतःकडे ठेवून घेतली नाही, लिलावातून ती जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे गेली आणि त्याच्या आवारात आठ महिने उभी राहिली. सौदा झाला तेव्हा मीटरवर ७६,९०० किलोमीटर होते. नोंदणी पुस्तकावरची लीजची नोंद उतरवणे आणि नाव बदलणे ही कामे व्यापाऱ्याने रीतसर करून दिली. त्यांत सांगण्यासारखे काही घडले नाही.

गाडी लातूरला पोचल्यावर मात्र तिची पुढची देखभाल कोणत्या हिशेबाने करायची याबद्दल मालकाच्या हाती तीन वेगवेगळी मते आली. व्यापाऱ्याने सांगितले होते की शेवटची सर्व्हिस ६८,१०० किलोमीटरवर झाली आहे, अंतर दहा हजारांचे आहे, म्हणजे अजून बाराशे किलोमीटर काही करायची गरज नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरने साडेबावीस हजारांचे अंदाजपत्रक काढले. त्यात ऑइल आणि फिल्टरबरोबर इंजिन फ्लश (इंजिन आतून रसायनाने धुणे), इंजेक्टर सफाई, एसीचे निर्जंतुकीकरण आणि बॉडीचे कोटिंगही होते. दुकानाशेजारी गॅरेज असलेल्या चाचांचे मत तिसरेच होते. “गाडी पुन्याची हाय शेठ, आपल्याकडची धूळ तिनं अजून बघितली नाही. दर पाच हजाराला ऑइल बदला, अन् जरा जाड टाका, म्हणजे इंजिनाला त्रास नाही.”

मी लातुरात मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकवतो आणि या मालकाशी माझा जुना परिचय आहे. सर्व बिलांची फाइल घेऊन ते आले तेव्हा तिन्ही मतांत काही तथ्य आहे असे मला वाटले. पण प्रत्येकाने गाडीची एकच बाजू पाहिली होती. व्यापाऱ्याने मीटर पाहिले होते, सर्व्हिस सेंटरने गाडीचे वय पाहिले होते आणि चाचांनी इथला रस्ता पाहिला होता. ही गाडी लीजवरची होती या गोष्टीचा विचार मात्र कुणीच केला नव्हता.

फाइलमध्ये काय होते

नोंदी चांगल्या होत्या, हे आधी सांगितले पाहिजे. सहा सर्व्हिसची बिले सलग लावलेली होती, प्रत्येकावर तारीख आणि किलोमीटर होते आणि सर्व्हिस सेंटरच्या संगणकावरील नोंदीशी ते आकडे जुळत होते. डिसेंबर २०१९ मध्ये ११,४००, नोव्हेंबर २०२० मध्ये १९,८००, ऑक्टोबर २०२१ मध्ये ३३,२००, जून २०२२ मध्ये ४४,९००, जानेवारी २०२३ मध्ये ५५,६०० आणि सप्टेंबर २०२३ मध्ये ६८,१००. टायरच्या कडेवर ३१२२ हा चार आकडी शिक्का होता, म्हणजे चारही टायर २०२२ सालच्या एकतिसाव्या आठवड्यातले. मीटर मागे फिरवले असावे असा संशय घेण्यासारखे काहीच नव्हते, आणि जुन्या गाडीच्या बाबतीत हे समाधान लहान नाही.

या नोंदी दोनदा वाचल्या की एक गोष्ट लक्षात येते. उत्पादकाने सांगितलेले अंतर दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, असे आहे. बिलांत मात्र एकदा १३,४०० आणि एकदा १२,५०० किलोमीटर पडल्यावर ऑइल बदललेले दिसते. शेवटच्या बदलानंतर गाडी ८,८०० किलोमीटर चालली असली तरी नोव्हेंबरात ते ऑइल चौदा महिन्यांचे झाले होते, आणि त्यांतले आठ महिने ते उभ्या गाडीच्या चेंबरमध्ये पडून होते. व्यापाऱ्याचे बाराशे किलोमीटर मीटरच्या हिशेबाने खरे होते. तारखेच्या हिशेबाने ऑइलची मुदत दोन महिन्यांपूर्वीच उलटली होती.

दुसरी गोष्ट बिलांत जे नव्हते त्यातून कळते. ब्रेक ऑइल ऑक्टोबर २०२१ मध्ये एकदा बदलले होते. एअर फिल्टरची शेवटची नोंद ४४,९०० ची होती. गिअर ऑइल, स्पार्क प्लग, इंजिनाबाहेरचा पट्टा आणि टॅपेट, म्हणजे इंजिनातल्या झडपांची (व्हॉल्व्हची) फट जुळवणे, यांचा उल्लेख कुठेही नव्हता.

लीजवरच्या गाडीची सर्व्हिस कोण आणि कशासाठी करून घेतो

ज्या लीजमध्ये देखभालीचा खर्च मासिक हप्त्यातच धरलेला असतो तिथे सर्व्हिस चुकत नाही, असा सर्वसाधारण समज आहे आणि तो बऱ्याच अंशी बरोबर आहे. वापरणाऱ्याच्या खिशातून पैसे जात नाहीत, त्यामुळे तो सर्व्हिस टाळत नाही. कंपनीला गाडी रस्त्यात बंद पडून चालत नाही, त्यामुळे ती आठवण करून देते. ऑइल, ब्रेक पॅड, टायर, बॅटरी असे जे लीजच्या काळातच झिजते ते म्हणूनच वेळेवर किंवा थोड्या उशिराने बदललेले आढळते. या गाडीतही तसेच होते.

अडचण तिथून पुढची आहे. ज्या कामाचा फायदा लीज संपल्यानंतर मिळणार आहे त्या कामात लीजमधल्या कुणालाच रस नसतो. बटईने जमीन करणारा त्या हंगामाचे खत-पाणी चोख करतो, पण पाच वर्षांनी उपयोगी पडेल अशी बांधबंदिस्ती स्वतःहून करत नाही. त्यात त्याची लबाडी नसते, कराराची मुदतच तशी असते. म्हणून लीजवरून आलेल्या गाडीच्या बाबतीत सर्व्हिस झाली की नाही एवढेच विचारून भागत नाही. कोणत्या वस्तूंची मुदत लीजच्या शेवटच्या वर्षात किंवा त्यानंतर लगेच येत होती ते शोधावे लागते, आणि त्या वस्तू झालेल्या नाहीत असे गृहीत धरूनच पुढे जावे लागते.

त्यात टॅपेटचे कारण आणखी वेगळे आहे. होंडाच्या या इंजिनात व्हॉल्व्हची फट आपोआप जुळवणारी रचना नाही. ती फिलर गेजने (पातळ पात्यांच्या मापाने) मोजून, स्क्रू आणि नट फिरवून बसवावी लागते, आणि तेही इंजिन पूर्ण थंड असताना. म्हणजे गाडी आदल्या संध्याकाळी सोडून रात्रभर उभी ठेवावी लागते. ज्याला सकाळी गाडी देऊन संध्याकाळी परत हवी आहे, आणि जो तिचा मालकही नाही, तो हे काम मागून घेणार नाही. सर्व्हिस सेंटरही ते स्वतःहून सुचवीत नाही.

वापरणाऱ्याने गाडी स्वतः का ठेवली नाही, तिच्यात काही खोट तर नव्हती ना, हा प्रश्न मालकाने दोनदा विचारला. नोकरी बदलणे, मोठी गाडी हवी असणे, नवी लीज घेतल्यास करात सवलत मिळणे, अशी अनेक कारणे असू शकतात. त्यावरून गाडीच्या अवस्थेबद्दल काहीच ठरवता येत नाही. गाडी उघडून पाहिली की ते आपोआप कळते.

उघडून पाहिल्यावर

नोव्हेंबरच्या एका सकाळी चाचांच्याच गॅरेजमध्ये गाडी उघडली. सर्व्हिस सेंटरऐवजी गॅरेज निवडण्याचे कारण पैसे हे नव्हते. प्रत्येक वस्तू आपल्या डोळ्यांसमोर निघावी आणि ती मालकाला दाखवता यावी, एवढाच हेतू होता.

पहिल्यांदा ऑइल टाकण्याचे झाकण आणि नंतर व्हॉल्व्ह कव्हर काढले. आतल्या भागांवर फिकट तपकिरी रंगाची पातळ झिलई होती, बोटाने खरवडून निघेल असा काळा गाळ कुठेही नव्हता. ऑइल दोनदा उशिराने बदलले असले तरी इंजिनाने ते सोसले होते, हे यावरून ठरले. अंदाजपत्रकातला इंजिन फ्लशही त्याच क्षणी रद्द झाला. जिथे गाळ नाही तिथे फ्लश निरुपयोगी असतो. जिथे गाळ जास्त आहे तिथे तो सुटा होऊन ऑइलच्या जाळीत अडकण्याची भीती असते. दोन्ही बाजूंनी पाहिले तर हे काम कुणाच्या हिताचे आहे याचे उत्तर मला आजवर सापडलेले नाही.

फटी मोजल्या तेव्हा इनटेकच्या (हवा आत घेणाऱ्या) बाजूच्या सर्व मर्यादेत आढळल्या, पण एक्झॉस्टच्या (धूर बाहेर सोडणाऱ्या) दोन व्हॉल्व्हची फट ठरलेल्या मापापेक्षा कमी निघाली. चाचांना याचे आश्चर्य वाटले, कारण इंजिनाचा आवाज अगदी शांत होता. खरे तर तोच मुद्दा आहे. फट वाढली की टकटक ऐकू येते आणि कुणीतरी तक्रार करते, पण फट कमी झाली की आवाज उलट कमी होतो. व्हॉल्व्हची बैठक हळूहळू झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि फट मिटत जाते. ती पूर्ण मिटली की व्हॉल्व्ह नीट टेकत नाही, त्याची उष्णता बैठकीत उतरत नाही आणि तो जळतो. शांत इंजिन हे निरोगी इंजिनाचे लक्षण मानण्याची आपली सवय या एका बाबतीत फसवी आहे. दोन्ही फटी बसवल्या, प्लग निघालेच होते म्हणून त्यांचे अंतर पाहिले आणि ते वाढलेले असल्यामुळे चारही प्लग नवे घातले.

कूलंटची गोष्ट निराळी निघाली. होंडाचे मूळ कूलंट दीर्घ मुदतीचे असते. दहा वर्षे किंवा दोन लाख किलोमीटर हा त्याचा पहिला टप्पा, त्यामुळे कागदावर पाहता सहाव्या वर्षी त्याला हात लावण्याचे कारण नव्हते. पण बाटलीतला निळा रंग धुवट झाला होता आणि रेडिएटरच्या झाकणाच्या रबराखाली पांढरट क्षाराची कड साचली होती. आवारात उभ्या असताना किंवा त्याआधी केव्हातरी कुणीतरी साध्या पाण्याची भर घातली होती. ज्या शहराला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले तिथे बोअर किती खोल गेले आहेत हे लातूरकरांना सांगायला नको, आणि त्या क्षारांच्या पाण्याने घरातल्या गिझरचे काय होते हेही. रेडिएटरमध्ये असे पाणी ओतण्याची पद्धत आपल्याकडेही सर्रास आहे. कूलंट पूर्ण काढले, डिस्टिल्ड वॉटरने आतली बाजू धुतली आणि तयार मिसळलेले कूलंट भरले. मुदतीच्या तक्त्यात न बसणारा निर्णय केवळ डोळ्यांनी पाहून घेतला, असे या प्रकरणात एवढ्या एकाच ठिकाणी झाले.

एअर फिल्टर काळा झाला होता, त्यात नवल नव्हते. मी पाहत होतो ती फिल्टरच्या पुढची नळी. पांढरे सुती फडके बोटाला गुंडाळून नळीच्या आतून फिरवले तर ते जवळजवळ स्वच्छ निघाले. फिल्टरच्या पेटीची कडी नीट बसत नसती तर या ठिकाणी पिवळसर भुकटीची रेघ दिसली असती, आणि मग ऑइल कितीही वेळा बदलले तरी रिंगा आणि सिलिंडर घासत राहिले असते.

बॅटरी सप्टेंबर २०२२ ची होती, पण उभ्या गाडीत ती १२.१ व्होल्टपर्यंत उतरली होती. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत १२.६ च्या आसपास दाखवते. सावकाश चार्ज करून लोड टेस्ट (भार टाकून चाचणी) केल्यावर ती टिकली, म्हणून ठेवली. पट्ट्यावर मात्र मोजून निर्णय होण्यासारखे काही नव्हते, दोन-तीन बारीक चिरा होत्या, एवढेच. या इंजिनात पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर फिरतो. पट्टा तुटला तर चार्जिंग आणि कूलिंग एकदमच थांबते. सहा वर्षांचे रबर, किंमत थोडी आणि तुटल्यास नुकसान मोठे, म्हणून तो बदलला. इंजिन ऑइल, गिअर ऑइल आणि ब्रेक ऑइल हेही त्याच दिवशी नवे झाले. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ३ प्रतीचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळते, पण ओलावा शोषल्यानंतर त्याच प्रतीची किमान मर्यादा १४० वर येते. लातूर-औसा सपाट रस्त्यावर हा फरक कधी जाणवणार नाही, पण छत्रपती संभाजीनगरच्या वाटेवर माल आणि माणसे घेऊन मांजरसुंब्याचा घाट उतरताना तो जाणवू शकतो.

किलोमीटरऐवजी तास

आता ऑइलच्या अंतराचा प्रश्न. चाचा पाच हजार म्हणत होते, पुस्तिका दहा हजार म्हणत होती आणि त्याच पुस्तिकेत धूळ व तीव्र उष्णता असेल तर अंतर कमी करा असेही होते. ते शब्दशः घेतले तर मराठवाड्यातली प्रत्येक गाडी पाच हजारांवर आणावी लागेल. मला हे पटत नव्हते, आणि त्याचे कारण हिशेबात आहे.

पुण्याच्या पश्चिमेकडच्या वाहतुकीत गाडीचा सरासरी वेग ताशी २२ किलोमीटर धरला, तर ७६,००० किलोमीटरसाठी इंजिन सुमारे साडेतीन हजार तास चालले असले पाहिजे. हेच अंतर ताशी ४५ ने कापले असते तर तास सतराशेच्या आत राहिले असते. इंजिन आणि ऑइल चाके मोजत नाहीत. सिग्नलला उभी असलेली, एसी चालू असलेली गाडी मीटर न हलवता ऑइल वापरत असते. म्हणून ही गाडी मीटरवर दिसते त्यापेक्षा जास्त चाललेली आहे. इथून पुढे मात्र तिला रोज लातूर ते औसा असे वीसेक किलोमीटर एका दमात, तापलेल्या इंजिनाने धावायचे आहे. दहा हजार किलोमीटरचा अर्थ पुण्यात सुमारे साडेचारशे तास होता, इथे तो सव्वादोनशे तास आहे. ऑइलच्या दृष्टीने नवे आयुष्य जुन्यापेक्षा सोपे आहे.

धुळीच्या दृष्टीने ते अवघड आहे, यात चाचांचे म्हणणे पूर्ण खरे होते. मालकांना आठवड्यातून दोन-तीनदा शेतकऱ्यांच्या प्लॉटवर जावे लागते आणि शेवटचा टप्पा पाणंद रस्त्याचा असतो. शिवाय गाळप हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागून रोज जायचे. पण धूळ ऑइलपर्यंत पोचते ती एअर फिल्टरच्या वाटेने. तेव्हा बंदोबस्त फिल्टरचा करायचा, आणि ऑइलचे अंतर अर्धे करून धुळीवर उपाय केल्याचे समाधान मानायचे नाही, असे ठरले.

जाड ऑइलचा सल्ला मात्र मी मानू दिला नाही. इंजिनासाठी ०डब्ल्यू-२० हे पातळ ऑइल सुचवलेले आहे. व्हॉल्व्हच्या उघडझापीचे प्रमाण बदलणारी त्याची व्हीटेक यंत्रणा ऑइलच्या दाबावर चालते आणि ऑइलच्या वाटा अरुंद आहेत. बाहेर ४२ अंश असले तरी थर्मोस्टॅट इंजिनाचे तापमान साधारण त्याच पातळीवर ठेवतो. लातूरच्या उन्हाळ्याचा खरा मार बॅटरी, टायर, रबर आणि एसीवर पडतो. चाचांचा अनुभव ज्या जुन्या जीप आणि डिझेल गाड्यांवर तयार झाला आहे त्यांच्यासाठी तो सल्ला योग्य होता, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी मान डोलावली, पटले असे म्हणाले नाहीत.

ठरलेले वेळापत्रक

कागदावर उत्तम असलेले वेळापत्रक मालकाच्या वर्षात बसले नाही तर ते पाळले जात नाही. कृषी सेवा केंद्राच्या मालकाला मृगाच्या सुमारास गाडी दोन दिवस गॅरेजात ठेवा असे सांगण्यात अर्थ नसतो. रब्बीच्या पेरणीतही तेच. त्यांच्या वर्षातल्या मोकळ्या जागा दोन आहेत : महाशिवरात्रीच्या आसपासचे दिवस आणि पोळ्यानंतरचे दिवस. दोन्हींत सहा महिन्यांचे अंतर पडते आणि वर्षाला सुमारे पंधरा हजार किलोमीटर धरता प्रत्येक वेळी साडेसात हजार होतात. पुस्तिकेतल्या दहा हजारांच्या आत आणि चाचांच्या पाच हजारांच्या वर, असा हा आकडा तडजोड म्हणून निघालेला नाही. हंगामाने तो दिला आणि तासांच्या हिशेबाने तो मान्य झाला. अधिक मास आला की अंतर सात महिन्यांचे होईल, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ते होणारच आहे. त्या वर्षी किलोमीटरची दहा हजारांची मर्यादा राखण म्हणून राहील.

शिवरात्रीची सर्व्हिस उन्हाळ्यासाठी आहे. त्या वेळी ऑइल आणि ऑइल फिल्टर, एसीच्या कंडेन्सरची पाण्याने सफाई, केबिन फिल्टर, बॅटरीची लोड टेस्ट, कूलंटची पातळी आणि रंग, टायरच्या कडांवरील चिरा ही कामे होतील. पोळ्यानंतरची सर्व्हिस पावसाने काय केले ते पाहण्यासाठी आहे. त्यात ऑइल आणि ऑइल फिल्टर, मागचे ब्रेक ड्रम उघडून चिखल काढणे, सस्पेन्शनचे बुश, व्हील अलाइनमेंट आणि वायपर. एअर फिल्टर मात्र या दोन तारखांना बांधलेला नाही. तो दर महिन्याला उघडून पाहायचा, हवा मारायची असेल तर स्वच्छ बाजूने मळक्या बाजूकडे आणि कमी दाबाने मारायची, दोनदा हवा मारून झाली की तिसऱ्यांदा नवाच घालायचा आणि काहीही झाले तरी पंधरा हजारांपलीकडे न्यायचा नाही.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी, गिअर ऑइल दर साठ हजार किलोमीटरनंतर, आणि टॅपेटची मोजणी चाळीस हजारांनी. ही मोजणी शिवरात्रीच्या सर्व्हिसमध्येच आणि पहाटेच करायची अट घातली आहे. होंडाच्या कार्यशाळा पुस्तिकेप्रमाणे सिलिंडर हेडचे तापमान ३८ अंशांच्या खाली असावे लागते. मे महिन्यातल्या दुपारी लातुरात रात्रभर उभी असलेली गाडीसुद्धा ती अट पाळू शकत नाही. टायमिंग चेनला, म्हणजे व्हॉल्व्ह चालवणाऱ्या आतल्या साखळीला, बदलण्याची ठरलेली मुदत नाही. सकाळच्या पहिल्या स्टार्टला खडखड ऐकू येते का एवढे लक्ष ठेवायचे, आणि ऑइल वेळेवर बदलणे हीच तिची देखभाल.

पेट्रोलचा मुद्दा मालकाने शेवटी काढला. पंपांवर २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल येत आहे, ते या गाडीला चालेल का? १ जानेवारी २००९ नंतर बनलेल्या आपल्या सर्व गाड्यांचे भाग ई२० ला टिकणारे आहेत असे होंडाने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले, त्यामुळे नळ्या आणि सील यांची चिंता मिटली. मायलेज मात्र कमी होणारच. ई१० साठी जुळवलेल्या चारचाकींत ही घट सहा ते सात टक्के असेल असे नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटले होते. म्हणून प्रत्येक वेळी टाकी भरताना लिटर आणि किलोमीटर वहीत लिहायचे ठरले. मायलेज सहा-सात टक्के उतरले तर ते पेट्रोलचे. त्याहून जास्त उतरले तर ब्रेक, टायरची हवा किंवा प्लग तपासायचे. ज्या मराठवाड्यातल्या उसापासून हे इथेनॉल बनते त्याच उसाच्या ट्रॉल्यांची धूळ फिल्टरमध्ये जमते, यावर मालक आणि चाचा बराच वेळ हसत होते.

पहिल्या वर्षाचा आढावा

फेब्रुवारी २०२५ मध्ये, ८१,००० वर, ऑइल मुद्दाम लवकर बदलले. चार हजार किलोमीटरमध्ये ते खराब झाले होते म्हणून नव्हे. चौदा महिन्यांच्या जुन्या ऑइलनंतरची ही पहिली खेप होती आणि वेळापत्रक हंगामावर आणायचे होते. त्यापुढचा बदल ऑगस्टमध्ये पोळ्यानंतर ८८,६०० वर झाला. मधल्या सात हजार सहाशे किलोमीटरमध्ये डिपस्टिकवरची पातळी जेमतेम हलली, वरून ऑइल घालावे लागले नाही. कूलंटचा रंग बदललेला नाही. वहीत मायलेज साडेसोळावरून साडेपंधरावर आले आहे, म्हणजे सहा टक्के, आणि ते पेट्रोलच्याच खात्यावर टाकले आहे.

एका ठिकाणी वेळापत्रक दुरुस्त करावे लागले. एअर फिल्टरसाठी ठरवलेली पंधरा हजारांची मर्यादा जास्त होती. मार्च ते मे या तीन महिन्यांतच त्याला दोनदा हवा मारावी लागली आणि पावसाळा लागण्याआधी तो बदलावा लागला, म्हणून आता वरची मर्यादा दहा हजार धरली आहे. नळीतून फिरवलेले फडके मात्र दोन्ही वेळा स्वच्छ निघाले. बॅटरीबद्दल चाचांचे आणि माझे एकमत नाही. ऑगस्टच्या चाचणीतही ती पास झाली, पण तिला पुढचा उन्हाळा दाखवू नये असे ते म्हणतात. शिवरात्रीच्या लोड टेस्टनंतर मालक ते ठरवतील.